आरटीईतून आठवी झाली, आता नववीला 46 हजार कुठून आणू?

प्रश्न : मुलगा दर्यापूर तालुक्यातल्या विनाअनुदानित इंग्रजी शाळेत आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) 25 टक्के राखीव जागांतून आठवीपर्यंत शिकला. आता शाळा नववीची 46,000 रुपये फी मागते, शिवाय 15,000 रुपये ‘विकास निधी’ रोख आणि बिनपावती. पैसे भरल्याशिवाय टीसीही देत नाहीत. पेरणी तोंडावर आहे. काय करू? – एक शेतकरी

उत्तर : भाऊ, आरटीईचं संरक्षण आठवीला संपतं. नववीपासून शाळेला तुमच्याकडून फी घेता येते, हे आधी मान्य करावं लागेल. अनुदानित शाळेत शिक्षकांचा पगार सरकार देतं. विनाअनुदानित शाळेत पगार, इमारतीचं भाडं किंवा कर्जाचा हप्ता, वीज, दुरुस्ती सगळं फीतूनच निघतं. वाजवी शिल्लक ठेवायलाही सुप्रीम कोर्टाने 2002 च्या टी.एम.ए. पै निकालात मुभा दिली आहे. नफेखोरी आणि कॅपिटेशन फीला (मंजूर फीच्या वर उकळलेल्या रकमेला) मात्र नाही. म्हणून ‘फी फार आहे’ एवढ्यावर तक्रार टिकत नाही. ‘ही फी कोणी, कधी मंजूर केली?’ हे विचारा.

2011 च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार शाळेने पुढच्या वर्षाची फी सत्र सुरू होण्याच्या सहा महिने आधी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवायची असते. समितीतले पालक सोडतीने निवडायचे असतात. मंजूर फी दोन वर्षं बदलत नाही. पुष्कळ ठिकाणी समिती कागदावरच असते. मर्जीतल्या चार पालकांच्या सह्या घेतल्या की झालं. म्हणून मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज करून तीन गोष्टी मागा : समितीची यादी, फी मंजुरीच्या सभेचं इतिवृत्त, बाबनिहाय मंजूर फी. दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. अर्ज घेतच नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. शिवाय जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडे 10 रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज टाका.

संस्था सार्वजनिक न्यास असेल तर धर्मादाय कार्यालयात तिचा लेखापरीक्षण अहवाल असतो, त्याची नक्कल काढा. त्यात पगार आणि इमारत भाडं या दोन रकमा शेजारी ठेवून पाहा. पगार तोकडा आणि भाडं भरमसाट असेल, तेही विश्वस्ताच्याच घरात जात असेल, तर फी का वाढली ते तिथेच दिसतं.

फीविरुद्ध विभागीय शुल्क नियामक समितीकडे जायला किमान 25 टक्के पालक लागतात, एकट्याचा अर्ज चालत नाही. आत्तापासूनच सह्या जमवा.

15,000 चं प्रकरण वेगळं आहे. मंजूर फीच्या वर सक्तीने घेतलेली रक्कम 1987 च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरू शकते, तुरुंगवासाची तरतूद आहे. ती रोख देऊच नका. ‘मी स्वेच्छेने देणगी दिली’ अशा कागदावर तर मुळीच सही करू नका, ती सही पुढे तुमच्याच विरोधात वापरली जाते. मागणी लेखी द्या म्हणा. देत नसतील तर ‘अमुक तारखेला कार्यालयात एवढी रोख मागितली’ असं पत्र तुम्हीच पाठवा.

टीसीसाठी अडून बसू नका. 2021 च्या शासन निर्णयानुसार दहावीपर्यंत टीसी नाही म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. वयाच्या पुराव्यावर प्रवेश मिळतो. जवळच्या अनुदानित शाळेत सेमी इंग्रजीची तुकडी आहे का, ते याच आठवड्यात बघा. शाळा बदलायची तर ती नववीतच बदला, दहावीत बोर्डाच्या नोंदणीमुळे फार अडचण होते. प्रवेश घेतल्यावरही विकास निधीची तक्रार चालू ठेवता येते.