वाचकांचे प्रश्न : सम्राटाची पूजा म्हणजे नुसती चापलुसी होती का?

प्रश्न : मुलीच्या कॉलेजच्या पुस्तकात आहे की रोमन लोक सम्राटाला देव मानायचे आणि ख्रिश्चनांनी ते नाकारलं म्हणून त्यांना मारलं. आम्ही दरवर्षी अहिल्यादेवींची पालखी बघतो, मग फरक काय? की ती सगळी नुसती चापलुसी होती?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : ताई, प्रश्न फार आवडला. देवींना लोकांनी प्रेमानं देवी केलं, पण त्यांच्या हुकमांवर असायचं 'श्री शंकर आज्ञेवरून', म्हणजे राज्य शंकराचं, त्या फक्त चालवणाऱ्या. रोमचं उलट होतं, तिथे राज्य करणाऱ्या सम्राटालाच देव मानायचे.

चापलुसी होतीच, पण तेवढीच नाही. इ.स.पू. 29 मध्ये रोमच्या 'आशिया' नावाच्या प्रांतातल्या (आजचा पश्चिम तुर्कस्तान) लोकांनी स्वतःहून मागणी केली, तेव्हा तिथल्या पर्गमम शहरात रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस आणि रोमा देवी (म्हणजे रोम शहरच देवीच्या रूपात) दोघांचं मंदिर उभं राहिलं, मग इतर शहरांमध्येही आमच्याकडे पण हवं अशी चढाओढ लागली. इ.स.पू. 9 च्या सुमाराचा त्याच प्रांतातल्या प्रिएने गावचा शिलालेख तर बघाच! ऑगस्टसच्या वाढदिवशी, 23 सप्टेंबरला, नवीन वर्ष सुरू करायचं ठरलं, आणि हा जन्म जगासाठी शुभवार्तांची सुरुवात असं त्यात लिहिलंय. मूळ ग्रीक शब्द 'एउआंगेलिआ'. बायबलमध्ये येशूची गोष्ट सांगणाऱ्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच ओळीत हाच शब्द एकवचनात येतो. 'देवाचा पुत्र' हेही ऑगस्टसच्या नाण्यांवर होतंच, कारण त्याचा दत्तक बाप ज्युलियस सीझर मेल्यावर देव ठरला होता. काहीजण लगेच म्हणतात की ख्रिश्चनांनी हे शब्द सम्राटाच्या पूजेतून उचलले, मला हे घाईचं वाटतं, कारण शुभवार्ता हा शब्द ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या ग्रीक भाषांतरात, यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात, आधीपासून क्रियापद म्हणून आहेच. पण ऐकणाऱ्याच्या कानात सम्राटाची आणि यशयाची दोन्ही शुभवार्ता घुमत असणार हे नक्की.

आता मारण्याचं. इ.स. 112 च्या सुमारास बिथिनिया प्रांताचा (हाही आजच्या तुर्कस्तानात) गव्हर्नर प्लिनी सम्राट ट्राजनला लिहितो : आरोपीला तीनदा विचारतो, ख्रिश्चन आहेस का, तरी हो म्हणाला तर शिक्षा. नाही म्हणणाऱ्याला देवांच्या मूर्ती आणि सोबत आणवलेली तुमची मूर्ती, तिच्यासमोर धूप नि वाईन अर्पण करायला लावतो, वर ख्रिस्ताला शिव्या द्यायला लावतो. चिमूटभर धूप, बस. ट्राजनचं उत्तर आलं की शोधून शोधून पकडू नका, निनावी तक्रारी घेऊ नका, पण सिद्ध झालं तर शिक्षा करा. प्लिनीच्या पत्रातच आहे की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमून, ख्रिस्ताला देव समजून आळीपाळीने स्तोत्र म्हणायचे. मुलीला ही दोन्ही पत्रं नक्की वाचायला सांगा, छोटीशीच आहेत.