लाळ गळते म्हणून घाबरू नकोस गं

अगं चार महिन्यांचं बाळ आहे, लाळ गळणारच! डोहाळे पुरवले नाहीत म्हणून गळते असं सासूबाई म्हणतायत ना, हसून सोडून दे. या वयात लाळ जास्त तयार व्हायला लागते आणि ती गिळायचं कसब अजून आलेलं नसतं, बास. दात येताना अजून वाढते, दीड-दोन वर्षांपर्यंत चालतं.

खरा त्रास हनुवटीखाली आणि मानेच्या वळीत होतो, तिथे ओल राहून कातडी लाल होते. लाळेरं सुती घे आणि ओलं झालं की लगेच बदल, मऊ कपड्याने नुसतं टिपायचं, घासायचं अजिबात नाही, मग कोरड्या कातडीवर पातळसं व्हॅसलीन लाव म्हणजे लाळ थेट लागत नाही. पावडर नको, ती वळीत गोळा होऊन बसते. हिरड्यांना बधिर करणारं जेल पण नको आणि मध तर वर्षाच्या आत बोटभरसुद्धा चाटवायचा नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी.

पण अचानक लाळ वाढली, सोबत ताप, दूध गिळत नाहीये किंवा श्वासाला आवाज येतोय तर वाट बघू नको, सरळ हॉस्पिटल गाठ. चार वर्षांनंतरही गळत असेल तर डॉक्टरांना दाखवायचं.

आणि पार्किन्सनमुळे (कंपवातामुळे) सासऱ्यांचीही लाळ गळते म्हणालीस ना, तर त्यात लाळ जास्त बनत नाही, गिळणं मंदावतं. जेवताना ताठ बसव आणि ठसका लागत असेल तर न्यूरोलॉजिस्टना नक्की सांग.