मेपलचे पान बोधचिन्हात घेण्याविषयी

आपण कॅनडातील मिसिसागात मसाल्यांचा व्यवसाय सुरू करत आहात, बोधचिन्हात कॅनडाच्या ध्वजावरचे लाल मेपलचे पान घेऊन ते ट्रेडमार्क म्हणून नोंदवू पाहता आणि त्याला सरकारची हरकत येईल का, असे विचारता. आमच्या लोणच्यांच्या वेळी मला हाच प्रश्न पडला होता, म्हणून सविस्तर लिहितो. मी वकील नाही. अर्ज भरण्यापूर्वी जाणकाराला अवश्य विचारावे.

वापरायला सहसा अडचण येत नाही, प्रश्न मालकीचा आहे. अकरा टोकांच्या त्या पानाला कायद्याचे संरक्षण असले, तरी १९६५ सालच्या शासकीय आदेशानुसार ते बोधचिन्हाचा एक भाग म्हणून घेता येते. मात्र त्या पानावर एकट्याचा हक्क सांगता येत नाही आणि दुसऱ्याला ते वापरण्यापासून रोखताही येत नाही. ज्या सल्लागार कार्यालयाकडे आम्ही काम सोपवले होते, त्याने नेमकी हीच अट लपवली. 'पान तुमचेच होईल' अशा भरवशावर शुल्क घेतले, पुढे प्रत्येक पत्राच्या उत्तराचे वेगळे बिल लावले आणि अखेर पानावरचा हक्क सोडून द्यायची वेळ आली, तेव्हा 'हे तर सर्वांनाच लागू असते' असे शांतपणे सांगितले. सर्वांनाच लागू असते, तर ते पहिल्याच भेटीत सांगायला काय हरकत होती?

शिवाय हे पान कधीच कोणा एकाचे नव्हते. १८३४ मध्ये माँट्रियलच्या सेंट जाँ बाप्तिस्त या फ्रेंच भाषकांच्या संस्थेने ते स्वीकारले, १८६८ मध्ये ते ऑन्टारिओ आणि क्वेबेक या प्रांतांच्या अधिकृत चिन्हांत आले, पहिल्या महायुद्धात कॅनडाच्या सैनिकांच्या बिल्ल्यांवर झळकले, १९२७ मध्ये टोरांटोच्या हॉकी संघाने त्याचे नाव घेतले, १९३७ पासून ते एक सेंटच्या नाण्यावर होते आणि १५ फेब्रुवारी १९६५ रोजी ध्वजावर चढले. सोन्याच्या नाण्यापासून सॉसेजच्या पाकिटापर्यंत सगळीकडे दिसणाऱ्या अशा खुणेवरून ग्राहकाला देश आठवतो, आपले दुकान आठवत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून व्यवसायाच्या नावातही 'मेपल' नको. त्यापेक्षा वेगळे नाव आणि स्वतःचे चित्र यांवर पैसे खर्च करावेत.

तरीही पान हवेच असेल, तर लेबलाकडे लक्ष द्यावे. (ते इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही भाषांत लागते, हे आपल्याला ठाऊक असेलच.) 'प्रॉडक्ट ऑफ कॅनडा' असे लिहायचे, तर जवळपास सर्व घटक आणि सर्व प्रक्रिया कॅनडातीलच असाव्या लागतात, आपली हळद, मिरी आणि वेलची त्यात बसणार नाही. मसाला तेथेच दळून तयार होत असेल, तर 'मेड इन कॅनडा' लिहून त्याला आयात घटकांपासून बनवल्याची जोड देता येते, आणि ती ओळ पानाच्या शेजारीच छापावी. २०२५ पासून स्वदेशी मालाचा आग्रह वाढल्यावर लोक पाकीट उलटून बारीक अक्षरे वाचू लागले आहेत, आणि नुसते पान छापून परका माल खपवणाऱ्यांवर उघड टीका होते.

ही माहिती ऑन्टारिओतील अनुभवावर आधारलेली आहे. क्वेबेकमध्ये माल पाठवणार असाल, तर तेथील भाषेचे नियम वेगळे तपासावेत.