वाचकांचे प्रश्न : उदमांजराची कॉफी

प्रश्न : मुलाने बालीहून लुवाक कॉफीचं १०० ग्रॅमचं पाकीट आणलं. उदमांजराच्या विष्ठेतल्या बियांची ही कॉफी सुरक्षित असते का? फिल्टरमध्ये काढून दूध-साखर घालून प्यायलो, तर नेहमीपेक्षा काहीच वेगळी लागली नाही. पाकीट नकली असेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : सुरक्षित असते. उदमांजर पिकलेलं फळ खातं, त्यातला गर पचतो आणि बी पार्चमेंट या टणक आवरणासकट बाहेर पडते. ती धुऊन, वाळवून, सोलून २०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजली की जंतू उरत नाहीत. पाचकरस आवरणातून झिरपून बीमधली काही प्रथिनं मोडतात, हे कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या मासिमो मार्कोने यांनी २००४ साली दाखवलं. प्रथिनं कमी, म्हणून कडवटपणा थोडा कमी. फरक हलकाच. तो दूध-साखरेत बुडणारच, त्यावरून पाकीट नकली ठरवू नका.

एकदा कोरी करून बघा. १५ ग्रॅम पूड, २२५ मिली पाणी. पाणी उकळल्यावर गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा, म्हणजे ते ९३-९४ अंशांवर येतं. पूड रव्याएवढी जाड असेल तर फ्रेंच प्रेसमध्ये ४ मिनिटं ठेवा. पिठासारखी बारीक असेल तर प्रेस नको, गाळ उतरतो आणि कडू होते. कागदी फिल्टरमधून हळूहळू ओता. आंबटपणा कमी आणि घोट जरा जड लागला, तर तीच तिची चव.

अस्सलपणाचं म्हणाल, तर जपानी संशोधकांनी २०१३ साली सायट्रिक आम्लासारख्या घटकांवरून लुवाक ओळखायची प्रयोगशाळेतली चाचणी सुचवली. पण बी उदमांजराच्या पोटातून गेली का, एवढंच त्यातून कळतं. ते जनावर रानात होतं की तारेच्या पिंजऱ्यात, हे कळत नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. एरवी फळं, किडे, उंदीर खाणाऱ्या, रात्री एकट्याने हिंडणाऱ्या या प्राण्याला पिंजऱ्यात कॉफीची फळंच चारली जातात. १९९१मध्ये ही कॉफी ब्रिटनमध्ये नेणारे टोनी वाइल्ड यांनीच पुढे तिच्याविरुद्ध मोहीम उघडली. पाकिटावरच्या 'जंगली' या शब्दावर जास्त पैसे मोजू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : चिखलदऱ्यात आमची कॉफीची थोडी झाडं आहेत. खाली उदमांजराच्या विष्ठेत बिया दिसतात. त्या विकता येतील का? (एक बागायतदार)

उत्तर : उदमांजराला १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्याला धरणं, पाळणं हा गुन्हा. अभयारण्याच्या हद्दीतून काहीही उचलू नका. स्वतःच्या बागेत वेचायचं असेल तरी आधी वनविभागाला विचारा आणि विक्रीसाठी अन्नसुरक्षा परवाना घ्या.

वेचताना हातमोजे आणि मास्क हवेतच, विष्ठेत जंतांची अंडी असू शकतात. ताजे लेंडके रोज सकाळी उचला. पावसात भिजून पडलेल्यांना बुरशी लागते, आणि भाजूनही तिचा कुबट वास जात नाही. पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. तरंगणाऱ्या बिया टाकून द्या. पार्चमेंट फुटलेल्याही टाका, कारण त्यांत घाण थेट आत शिरलेली असते. मग जमिनीपासून उंच जाळीवर पातळ पसरून ओलावा ११-१२ टक्क्यांवर येईपर्यंत वाळवा, रात्री झाका. पार्चमेंट भाजण्याच्या थोडं आधीच काढा. ५-६ किलो पिकलेल्या फळांतून १ किलो बी मिळते, तेव्हा थोड्या झाडांखाली हंगामभर वेचून हाती काय येईल याचा हिशेब आधी मांडा.

प्रश्न : कमी आंबट कॉफी एवढीच हौस असेल तर स्वस्तातला पर्याय? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : मॉन्सून्ड मलबार. पश्चिम किनाऱ्यावरच्या हवेशीर गोदामांत पावसाळाभर बिया पसरून, वरखाली करत फुगवतात. त्या फिकट पिवळ्या होतात आणि आंबटपणा जवळजवळ जातो. मध्यम भाजलेली घ्या.