सिस्को राउटरवर पहिल्यांदा एसएसएच की बनवताना

राउटरवर दुरून लॉगिन करण्यासाठीचं टेलनेट (यात पासवर्डसकट सगळं उघडं जातं) बंद करून एसएसएच, म्हणजे तेच काम सांकेतिक रूपात करणारी पद्धत, वापरायचं ठरवलंत, उत्तम. त्यासाठी राउटरवर आधी की-जोडी (एक सार्वजनिक, एक खासगी की) बनवावी लागते. सर्टिफिकेट, ते देणारी संस्था (सीए) वगैरे तूर्त बाजूला ठेवा. त्याशिवाय काही अडत नाही.

आधी होस्टनेम बदला आणि डोमेन नेम द्या, मगच 'क्रिप्टो की जनरेट आरएसए' चालवा. की-जोडीला वेगळं नाव दिलं नाही तर ते या दोन्हींवरून पडतं, म्हणून मूळचं 'राउटर' हे नाव तसंच ठेवलं तर आयओएस (सिस्कोची राउटरवरची ऑपरेटिंग सिस्टिम) अडून बसतं. मॉड्युलस (कीची लांबी, बिटमध्ये) विचारला की नुसतं एंटर दाबू नका. जुन्या आयओएसमध्ये डीफॉल्ट 512 असतो आणि एसएसएच व्हर्जन 2 ला किमान 768 बिट लागतात. सरळ 2048 टाका. जुना राउटर थोडा वेळ घेईल, घेऊ द्या.

हमखास होणाऱ्या चुका:

- 'राइट मेमरी' (कॉन्फिग कायमचं साठवण्याची कमांड) राहून जातं. राउटर रीलोड होताच की गायब.
- व्हीटीवाय लाइनवर (दुरून लॉगिनसाठीची लाइन) 'ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच', म्हणजे फक्त एसएसएचला परवानगी, टाकून लगेच बाहेर पडणं. दुसऱ्या विंडोतून लॉगिन होतंय हे बघेपर्यंत पहिलं सेशन सोडू नका, नाहीतर कन्सोल केबल घेऊन साइटवर पळावं लागेल.
- 'झीरोइझ' ही की पुसण्याची कमांड सहज चालवून बघणं. की पुसली जाते, एसएसएचही बंद पडतं.

प्रायव्हेट (खासगी) की रनिंग कॉन्फिगमध्ये (राउटरच्या चालू सेटिंग्जमध्ये) दिसत नाही, त्यामुळे कॉन्फिगच्या बॅकअपमध्येही नसते. की राउटरबाहेर काढू देणाऱ्या 'एक्स्पोर्टेबल' पर्यायाच्या मात्र नादी लागू नका. राउटर बदलला तर नवी की बनवा. मग लॅपटॉपवर होस्ट की (राउटरची ओळख पटवणारी की) बदलल्याचा इशारा येईल. राउटर खरंच बदललाय याची खात्री असेल तरच लॅपटॉपवरची जुन्या कीची नोंद काढा.