टपावर तंबू घेताय? आधी मॅन्युअल उघडा

मित्रा, तंबूचे फोटो नंतर बघ. आधी गाडीचं मॅन्युअल काढ आणि त्यात 'रूफ लोड'चा, म्हणजे टपाला किती वजन झेपतं त्याचा, आकडा शोध. तो गाडी चालू असतानाचा असतो. तंबू साधारण 50 ते 70 किलोचा, वर क्रॉसबारचं, म्हणजे तंबू ज्यांवर बसवतात त्या टपावरच्या आडव्या दांड्यांचं, वजन वेगळं. बऱ्याच छोट्या गाड्या इथेच हात टेकतात. उभ्या गाडीच्या टपावर दोघं झोपलात तरी सहसा चालतं, कारण तेव्हा ब्रेक, वळण, खड्डे यांचा मार नसतो. माळशेज घाटात मात्र तंबूचं वजन वळणावर गाडी कलंडवायला बघतं. टपावरचे रेल नुसते शोभेचे नाहीत ना, तेही विचारून घे.

आता माझा गाढवपणा. घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या बेसमेंटची उंची 2.1 मीटर. माझी गाडी 1.8. बंद तंबू आणि क्रॉसबार मिळून 40 सेंटिमीटर. मी ही बेरीज केलीच नाही! भंडारदऱ्याहून रात्री परतलो आणि वॉचमन धावत येईपर्यंत कव्हर टर्रकन फाटलं होतं. टेप घेऊन खाली जा, सगळ्यात खालच्या पाइपची उंची मोज.

हार्डशेल, म्हणजे कडक कवचाचा तंबू, झटपट उघडतो, पण महाग. सॉफ्टशेल, म्हणजे कापडी कव्हरचा, स्वस्त, उघडल्यावर ऐसपैस. गुंडाळताना घाम काढतो. पावसाळ्यात ओला मिटलास तर घरी आल्यावर लगेच उघडून वाळव, गादीसकट. आपल्याकडच्या दमटपणात बुरशीचे काळे ठिपके पडले की ते निघत नाहीत.