सर गेले, आता मीही जाऊ का?

प्रश्न : ताई, मी एका कारखान्याच्या खरेदी विभागात सात वर्षं काम करते. आमच्या सरांनी अलीकडेच नोकरी सोडली आणि ते दुसऱ्या कंपनीत विभागप्रमुख झाले. पुरवठादाराशी भाव कसा करायचा इथपासून सगळं मी त्यांच्या हाताखाली शिकले. आई आजारी होती तेव्हा त्यांनी माझी रजा एकदाही अडवली नाही. आता दर रविवारी त्यांचा फोन येतो, "तुझी जागा धरून ठेवलीय, पगार वीस टक्के जास्त मिळेल, कधी येतेस?" नाही म्हटलं तर कृतघ्नपणा होईल असं वाटतं आणि हो म्हणायला धीर होत नाही. इथे नवे साहेब अजून नेमलेले नाहीत, तोवर सरांची कामं मीच बघतेय. काय करू?

उत्तर : तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलंय. सरांची कामं तुम्ही बघताय. म्हणजे ती खुर्ची रिकामी आहे आणि काम थांबलेलं नाही. त्या खुर्चीसाठी तुमचा विचार होणार आहे का, हे तुम्ही कुणाला विचारलंत? पत्रात तसं कुठे दिसलं नाही. आधी वरिष्ठांची वेळ मागून घ्या आणि सरळ विचारा. सरांचं बोलावणं आलंय हे मात्र तिथे बोलू नका. ते धमकीसारखं ऐकू येतं, आणि त्या भरात मिळालेली बढती पुढे डोळ्यांत खुपत राहते.

आता सरांबद्दल. माझी सगळी नोकरी कर्मचारी विभागात गेली. साहेबांच्या मागोमाग आलेली माणसं मी बरीच पाहिली, म्हणून हे कळकळीने लिहिते. तुमची रजा सर एका शब्दात मंजूर करत होते, कारण त्या कार्यालयात त्यांच्या शब्दाला वजन होतं. हिशेब विभागात कुणाला फोन केला की बिल सुटतं, संचालकांसमोर कोणता विषय कधी काढायचा, हे त्यांना वर्षानुवर्षांच्या वावरातून कळलं होतं. नव्या ठिकाणी कोणत्या कागदावर कुणाची सही लागते, इथून त्यांची सुरुवात आहे. त्यांचा स्वभाव तोच राहील. तुम्हाला पाठीशी घालण्याची ताकद यायला वेळ लागेल, आणि कदाचित ते स्वतःच अजून प्रोबेशनवर असतील.

एका साहेबांनी आमच्याकडे येताना आपली तीन माणसं आणली होती. तिघंही कामाला चोख. पण पहिल्या दिवसापासून त्यांची ओळख 'साहेबांची माणसं' अशीच झाली. पुढे विभागांची फेररचना झाली, साहेबांची दुसरीकडे बदली झाली आणि या तिघांना बैठकांची बोलावणीही येईनाशी झाली. त्यांचं काम कसं आहे, हे बघायचे कष्ट कुणी घेतलेच नव्हते. म्हणून स्वतःला हे विचारून बघा : सर तिथे नसते आणि हीच जागा जाहिरातीत दिसली असती, तर मी अर्ज केला असता का?

'जागा धरून ठेवलीय' यावर फार विसंबू नका. पद मंजूर आहे का, पदनाम काय, सर नसतील तेव्हा तुम्ही कुणाला रिपोर्ट करणार, याची उत्तरं कंपनीच्या पत्रातच हवीत. ते पत्र हातात पडेपर्यंत राजीनामा लिहू नका. शिवाय सोडून गेल्यावर ठरावीक काळ जुन्या सहकाऱ्यांना ओढायचं नाही, असं कलम पुष्कळ अधिकाऱ्यांच्या करारात असतं. सरांच्या करारात ते असेल तर या फोनांनी तेच अडचणीत येतील. तेव्हा जायचं ठरलंच तर रीतसर अर्ज करा, मुलाखत द्या, आणि सरांच्या वरच्या अधिकाऱ्यालाही भेटून या. पुरवठादारांचे दर, याद्या, काहीही सोबत नेऊ नका. सरांनी मागितले तरी नाही.

कृतघ्नपणाचं ओझं आधी उतरवून ठेवा. आईच्या आजारपणात त्यांनी माणुसकी दाखवली, त्याचे आभार आयुष्यभर माना. पण ती रजा देताना पुढे ही माझ्या मागे येईल असा हिशेब त्यांनी मांडला नसणार, आणि मांडला असेल तर तो फेडायची जबाबदारी तुमची नाही.

माझं मत विचाराल, तर आत्ता जाऊ नका. आधी इथल्या खुर्चीबद्दल स्पष्ट उत्तर मिळवा. नकार आला किंवा नुसतीच टोलवाटोलवी झाली, तर सरांच्या कंपनीबरोबरच आणखी दोन-तीन ठिकाणीही अर्ज टाका. खरेदीत सात वर्षं काढलेल्या माणसाला एकच दार नसतं. सरांना मात्र झुलवत ठेवू नका. येत्या रविवारी फोन आला की सांगा, "सर, महिनाअखेरपर्यंत मला वेळ द्या. तोवर जागा भरावी लागली तर जरूर भरा, मला वाईट वाटणार नाही."